हाक नावाचा ट्रॅक

वारूळवाडीतल्या त्या घरात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली की मगच तोंड उघडायचं, हा प्रयागबाईंचा दंडक, आणि तो पाहुण्यारावळ्यांनाही लागू. त्यांची धाकटी जाऊ एका तिन्हीसांजेला "आले, आले" म्हणत परड्यात गेली ती थेट विहिरीत सापडली. तिला हाक कुणी मारली होती ते आजतागायत कळलेलं नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारील, दुसरं काही असेल तर दोनवर थांबेल, असा प्रयागबाईंचा सरळ हिशेब होता. हर्षाली लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला आधी हे सांगितलं आणि मग चहासाखरेचे डबे दाखवले. हर्षाली नारायणगावच्या सेतू केंद्रात दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरणारी बाई. तिला हसू आलं होतं. पण दहा वर्षं एका घरात राहिल्यावर हसण्यावारी नेलेल्या गोष्टीही अंगवळणी पडतात, आणि कधी कधी सोयीच्याही होतात.

सोयीच्या म्हणजे कशा, ते सांगायलाच हवं. गेल्या एप्रिलमधला एक रविवार. हर्षाली गच्चीवर कुरडया उलथत होती आणि तिचा नवरा सुदर्शन खाली मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसला होता. सकाळीच दोघांचं वाजलं होतं. कारण विचाराल तर गॅसचा सिलेंडर कुणी आणायचा, एवढंच. बाराच्या सुमाराला त्यानं खालून हाक मारली, "हर्षाली!" तिनं ऐकली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. तीही ऐकली. मनात म्हणाली, मार तिसरी, मग बघू. तिसरी काही आली नाही. पाऊण तासानं ती खाली उतरली तेव्हा सुदर्शन टेबलावर डोकं टेकून बसला होता. कानांवर हेडफोन तसेच होते आणि हात गार पडले होते. छत्तीस वर्षांचा माणूस. "अर्ध्या तासात आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

आपल्याला काहीच ऐकू आलं नाही, असं हर्षालीनं सगळ्यांना सांगितलं. भावाला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दहाव्याला आलेल्या बायकांना सांगितलं. एकदा सांगून झालं की मागे फिरता येत नाही. खाणंपिणं, कामावर जाणं सगळं सुरू झालं, पण ती गच्चीवर जाईनाशी झाली. आणि प्रयागबाई दर दोन-चार दिवसांनी, भाकरी थापताना नाहीतर कपड्यांच्या घड्या घालताना, तिच्याकडे न बघता विचारायच्या, "तुला खरंच काय आयकू आलं न्हवतं का गं?"

"नाही, आई."

"बरं."

हे आठ महिने चाललं होतं. सासूला संशय आहे आणि ती आपल्याला कबूल करायला लावल्याशिवाय सोडणार नाही, अशी हर्षालीनं मनाशी पक्की गाठ मारून ठेवली होती.

डिसेंबरात अंबाबाई आल्या. या आहुप्याकडच्या, डोंगरातल्या. भाताच्या आवणीला चिखलात उभं राहून म्हणायची लांबलचक गाणी त्यांना येत. त्यांच्याबरोबर ती म्हणणाऱ्या बायका एकेक करून गेल्या होत्या. जुनी गाणी गोळा करायचा नाद असलेल्या सुदर्शननं हुडकून काढून त्यांची तीन गाणी रेकॉर्ड केली होती, चौथं राहिलं होतं. त्या त्याला मास्तर म्हणत. अंबाबाई आहुप्याहून घोडेगाव, घोडेगावहून मंचर, मंचरहून नारायणगाव अशा तीन एसट्या बदलून आल्या, गालात हिरड्याची फोड धरून.

"मास्तर गेलं, वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पन माझं गानं अर्धं ऱ्हायलंय. मला आता सत्तर लागलं. तुला येतं का गं ते यंत्र?"

हर्षालीला येत नव्हतं. पण अंबाबाई येणार असा फोन आल्यापासून ती रोज कामावरून येऊन व्हिडिओ बघत होती, वहीत लिहून घेत होती. त्या खोलीत बसायला तिला भीती वाटायची, आणि ती भीती मोडायला निमित्त हवं होतं.

स्टुडिओ म्हणायचा तर म्हणा. घरामागं कांदा आणि खताची पोती ठेवायच्या दोन खोल्या होत्या. एकीला सुदर्शननं जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे आतून ठोकून घेतले होते. गाणाऱ्यानं तिथं बसायचं. दुसरीत कॉम्प्युटर. मधल्या भिंतीत काच बसवायचं चार वर्षं चाललं होतं, ते राहूनच गेलं. त्यामुळे गाणारा इकडच्याला दिसायचा नाही आणि इकडचा गाणाऱ्याला. गाणाऱ्याचा आवाज त्याच्या माइकमधून इकडे स्पीकरवर यायचा, आणि इकडून काही सांगायचं तर टेबलावरच्या छोट्या माइकमध्ये बोलायचं, ते थेट गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये उमटायचं. याला टॉकबॅक म्हणतात. हा आवाज फक्त हेडफोनला सोडायचा असतो. इकडच्या स्पीकरवर आला तर माइक तो पुन्हा खातो आणि कान फाटेल अशी शिट्टी वाजते. हर्षालीनं वहीत हे वाक्य दोनदा अधोरेखित केलं होतं.

सुदर्शननं चौथ्या गाण्यासाठी ठेका आधीच भरून ठेवला होता. त्याची ती फाइल हर्षालीनं उघडली तेव्हा कॉम्प्युटरनं विचारलं, की मागच्या वेळी हे नीट बंद झालं नव्हतं, जे वाचलंय ते उघडू का? ती 'हो' म्हणाली. स्क्रीनवर ट्रॅकच ट्रॅक आले, एकेका आवाजाची एकेक पट्टी, एकाखाली एक. त्यातला टॉकबॅकचा कोणता ते तिला उमगेना. म्हणून तिनं सरळ नवा ट्रॅक घेतला, त्याचं तोंड हेडफोनकडे वळवलं आणि नाव दिलं 'बोलणं'. खालचं सगळं तिनं होतं तसं राहू दिलं. चूक झाली ती इथं.

"मावशी," ती माइकमध्ये म्हणाली.

आतून काही नाही.

"मावशी, ऐकू येतंय का?"

शांत. भिंतीपलीकडे माणूस आहे की नाही तेही कळेना. "मावशी!"

"ओ," अंबाबाई म्हणाल्या. "आयकू पयल्यापासनं येतंय. पन तोंड दिसत न्हाई, नुसता आवाज येतोय. तीन झाल्याबिगर मी कशी बोलू? मास्तर बी तिनदाच बोलवायचं."

म्हणजे डोंगरातही हाच नियम. हर्षालीला हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही.

पहिल्या खेपेला अंबाबाईंनी दोन ओळी म्हटल्या आणि त्या थांबल्या. "माझ्या मागनं कोन म्हनतंय?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. हर्षालीनं आधी खुर्चीमागं वळून बघितलं. मग वहीत बघितल्यावर कळलं, की आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये पोचायला पाव सेकंद उशीर होतो, म्हणून गाणाऱ्याला आपलाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो. माइकची वायर ज्या लाल डबीत जाते तिच्यावर एक बटण असतं, ते फिरवलं की आवाज न फिरता सरळ कानात जातो. तिनं फिरवलं. "आता?"

"आता मी एकलीच हाय," अंबाबाई म्हणाल्या, आणि हर्षालीला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं.

दुसऱ्या खेपेला गाणं लागलं. अंबाबाईंचा आवाज चिरका, पण सुरातून हलत नसे. एकेक ओळ दोनदा म्हणायची, मध्ये ठेक्यावर थांबायचं. हर्षाली डोळे मिटून ऐकत होती. पाच मिनिटं झाली, सहा झाली, सातवं लागलं. ओळीच्या मधोमध अंबाबाई गप्प झाल्या. ठेका एकटाच वाजत राहिला.

"मावशी? मावशी, काय झालं? मावशी!"

"मास्तर हाक मारत्यात," अंबाबाई म्हणाल्या.

हर्षालीनं ठेका बंद केला.

"मगाशी एक मारली. मला वाटलं, आसंल कायतरी यंत्राचं. आत्ता दुसरी मारली. मी तिसरीची वाट बगितली, ती न्हाई आली." स्पीकरमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "मला न्हाई मारली. तुझं नाव घेतलं."

त्याच क्षणी दारात चहाचे पेले वाजले. प्रयागबाई ताट घेऊन उभ्या होत्या, आणि स्पीकर चांगला मोठ्यानं लावलेला होता.

अंबाबाई बाहेर आल्या, हेडफोन त्यांनी हातात धरून आणले. घाबरलेल्या दिसत नव्हत्या. "मला त्याचं भ्या न्हाई," त्या म्हणाल्या, "पन दुसऱ्याची हाक माझ्या कानात नको." प्रयागबाईंनी त्यांना विचारलं, "त्याचाच आवाज व्हता?" अंबाबाईंनी मान हलवली. प्रयागबाईंनी हात पुढं केला. "ते माझ्या कानाला लाव."

"आई, थांबा. आधी मला बघू द्या काय आहे ते."

"आठ म्हयनं मी माझ्या लेकाचा आवाज आयकला न्हाई."

"बघते मी, आई. सापडला की तुम्हालाच आधी ऐकवते."

प्रयागबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि अंबाबाईंना घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दोघी पावट्याच्या शेंगा सोलायला बसल्याचा आवाज येऊ लागला. बाहेर टळटळीत दुपार होती, रस्त्यानं टोमॅटोच्या क्रेट भरलेला पिकअप चालला होता. अशा उजेडात भुताला घाबरणं शोभत नाही, हे हर्षालीला कळत होतं. तरी तिनं खुर्ची भिंतीला टेकवून घेतली. तिला माहीत असलेली गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि त्यातला एक गेला होता. आता तो परका माणूस मध्ये घालून निरोप पाठवतोय, असंच तिला वाटलं.

तिनं ठेका पहिल्यापासून स्पीकरवर लावला. सहावं मिनिट, सातवं मिनिट. काहीही नाही, नुसता ठेका. मग तिनं पुन्हा लावला आणि पळत जाऊन गाद्यांच्या खोलीत शिरली. दार ओढून घेतल्यावर तिथं दुपार उरत नसे. तिनं अंबाबाईंच्या वायरीला ते हेडफोन जोडले आणि कानांवर चढवले. बराच वेळ ठेका वाजला. मग अगदी कानात, गालाशी तोंड आणून बोलावं इतक्या जवळून, "हर्षाली!"

तोच आवाज. 'शा'वर जरा लांबवायची तीच खोड. तिनं भिंतीच्या गादीला पाठ लावली आणि ती खाली बसली. दुसरी हाक येईपर्यंत ती तशीच बसून होती. दुसरी आली, आणि तिच्या तोंडात 'ओ' आला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

थोड्या वेळानं डोकं चालायला लागलं. इथं ऐकू येतं आणि तिथं येत नाही. म्हणजे ही हाक फक्त हेडफोनकडे सोडलेली आहे. हेडफोनकडे फक्त काय सोडतात? ते तर तिनं वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. ती उठून कॉम्प्युटरपाशी गेली आणि स्क्रीन खाली खाली सरकवत नेली. ठेक्याच्या आठ ट्रॅकच्या खाली, सगळ्यात तळाला, सुदर्शननं मराठीत नाव दिलेला एक ट्रॅक होता. 'हाक'. त्याच्या टॉकबॅकचा. रेकॉर्डचं बटण दाबताना हा ट्रॅक वगळायचा असतो, पण तो नेहमी विसरायचा, आणि मग त्याचं सगळं बोलणं, शिंकणं, फोनवर भांडणं गाण्याबरोबर भरलं जायचं. त्यावरून ती त्याला चिडवायची. ट्रॅकवरची रेघ जवळजवळ सपाट होती, म्हणून तिला तो रिकामा वाटला होता. त्याची लांबी होती एकावन्न मिनिटं.

त्या दिवशी बारा चाळीसच्या सुमाराला लाईट गेली होती, हे तिला आठवलं. तोवर रेकॉर्डिंग सुरूच होतं.

आता खरी भीती सुरू झाली. सगळं यातच होतं. त्यानं कशासाठी हाक मारली होती? छातीत कळ आली म्हणून मारली होती का? तिसरी मारायला त्याला दम उरला नव्हता का? गेले आठ महिने रोज पहाटे जाग आली की ती हाच प्रश्न घेऊन पडून राहायची, आणि उत्तर आता बोटाच्या अंतरावर होतं. पुसून टाकावं, असं तिच्या मनात आलं. एक बटण दाबलं की झालं. पण तिनं दार लावून घेतलं, टेबलावरचे हेडफोन कानांवर घातले आणि तो एकच ट्रॅक पहिल्यापासून लावला.

"हॅलो, हॅलो. मावशी, ऐकू येतंय का? येतंय. मीच मावशी, मीच मास्तर." तो एकटाच स्वतःशी खिदळला. हे बारीक बोलणं मगाशी ठेक्याखाली बुडालं होतं, मोठ्यानं मारलेल्या हाकाच तेवढ्या वर आल्या होत्या. खुर्ची करकरली. चहाचा घोट. बटणांचे आवाज. सहाव्या मिनिटाला दाराकडे तोंड करून, "हर्षाली!" आणि मग साध्या आवाजात, "ये की जरा. कानाला लावून सांग कसं वाटतंय ते." थोड्या वेळानं दुसरी हाक. मग शांतता, आणि मग हसू दाबल्यासारखा आवाज, "येत नाय. तिसरीची वाट बघत बसली असंल. आईनं चांगलं शिकवून ठेवलंय. बस मग वर. मी पण नाय मारत, जा."

हर्षाली टेबलावर डोकं ठेवून रडली. त्याला काही झालं नव्हतं. तो बरा होता, रुसलेला होता आणि हसत होता. आठ महिने छातीवर असलेलं काहीतरी उतरलं. पण ट्रॅक चालूच होता, आणि तिनं तो बंद केला नाही.

चौदाव्या मिनिटाला तो खोकला. "आई गं," म्हणाला, जेवताना ठसका लागल्यावर म्हणतात तेवढंच. मग काहीतरी टेबलावर टेकलं. त्यानंतर काही नाही. पंख्याची घरघर, लांबून कुणाच्या तरी शेतातला पंप. पहिल्या हाकेला आपण खाली आलो असतो तर या वेळी इथं शेजारी असतो, हे तिला कळलं. उतरलेलं पुन्हा छातीवर येऊन बसलं, आधीइतकं जड नाही, पण बसलं.

विसाव्या मिनिटाला पावलं वाजली. आपण नव्हतो, आपण त्यानंतर बऱ्याच उशिरानं खाली उतरलो, हे तिला माहीत होतं. चपला घासत येणारी पावलं दारात थांबली. "सुद्या, च्या घेतो का रं?" प्रयागबाईंचा आवाज. थोडं थांबून, हळू, "निजला जनू. ऊन येतंय बग कसं तोंडावर." दाराची कडी वाजली, दार अलगद लोटलं गेलं आणि पावलं लांब गेली.

दार. आपण खाली आलो तेव्हा दार लोटलेलं होतं. ते कुणी लोटलं असेल, हा विचार तिला आजवर शिवलाही नव्हता. पुढचं तिनं जवळजवळ ऐकलंच नाही. शेवटी तिचा स्वतःचाच आवाज आला, "अहो... अहो, उठा," आणि मग, लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं, "सुदर्शन! सुदर्शन! सुदर्शन!" तीनच काय, दहा-बारा वेळा. मग लाईट गेली.

खोटं कशाला सांगा, हर्षालीला पहिल्यांदा हायसंच वाटलं. त्याच्या मागोमाग संताप आला. विसावं मिनिट. म्हणजे फक्त सहा मिनिटं झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास. ही बाई दारात उभी राहून परत गेली, आणि आठ महिने मलाच विचारतेय, काही ऐकू आलं नव्हतं का गं! आता बसवावं हिला इथं, घालावेत कानात हेडफोन आणि ऐकवावं तिला तिचंच बोलणं. तिचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला.

तिथंच तो थांबला. प्रयागबाई दार कसं लोटतात ते तिला माहीत होतं. कडी वाजू नये म्हणून ती तळहातात धरतात. त्या दिवशीही धरली असणार, तरी वाजली. पोराच्या तोंडावर ऊन आलं म्हणून आईनं दार लोटलं होतं. तिला हे ऐकवणारी आपण कोण? हर्षालीनं परत येऊन ट्रॅक कापला. "मी पण नाय मारत, जा" इथपर्यंत ठेवला, पुढचं सगळं काढून टाकलं. मग दार उघडून हाक मारली, "आई!" आणि दुसरी मारायच्या आत प्रयागबाई पदराला हात पुशीत दारात हजर झाल्या.

त्या खुर्चीवर बसल्या. हेडफोन त्यांना मोठे होत होते, हर्षालीनं ते डोक्यावर धरून ठेवले. लेकाचा आवाज आला तेव्हा प्रयागबाईंनी टेबलाची कड धरली. "मीच मास्तर"ला त्यांचे ओठ हलले. पहिल्या हाकेला त्यांनी डोळे मिटले, दुसरीला उघडले. "आईनं चांगलं शिकवून ठेवलंय" ऐकून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं.

"फुडं?" त्या म्हणाल्या.

"पुढं काही नाही, आई. तिथंच बंद पडलंय."

प्रयागबाईंनी हेडफोन काढले नाहीत. त्यामुळे त्या जरा मोठ्यानं बोलत होत्या, बहिऱ्या माणसासारख्या.

"फुडं मी आले व्हते, हर्षे. च्या इचारायला. टेबलावर डोकं ठेवलेलं दिसलं. त्यो निजायचाच की तसा. तोंडावर ऊन व्हतं म्हनून दार लावलं मी. माझ्या हातानं लावलं." त्यांनी हात उलटापालटा करून बघितला. "तुला सारकं इचारत व्हते ना, आयकू आलं का, आयकू आलं का? मी त्या हाका गोठ्यात आयकल्या व्हत्या. तू हो म्हनली आसतीस तर मला बरं वाटलं आसतं. तुझ्यावर टाकलं आसतं मी समदं."

हर्षाली खाली फरशीवर बसली. सासूच्या गुडघ्याला तिचा खांदा लागला.

"ऐकल्या होत्या मी," ती म्हणाली. "दोन्ही. भांडण झालं होतं आमचं. तिसरीची वाट बघत बसले वर."

प्रयागबाईंनी ते ऐकलं की नाही, कळेना. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. हर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला, पण कुरवाळला नाही, नुसता ठेवला.

"म्या तुला शिकवलं त्ये," त्या म्हणाल्या. मग, "मला एक आठवत न्हाई गं. दारात हुभी ऱ्हाऊन मी त्याला काय म्हनले? कामाची घाई व्हती, चिडून बोलले का काय... रोज आठवून बगती. शेवटचं काय म्हनले मी त्याला?"

हर्षालीला गप्प बसता आलं असतं. पुढं काही नाही, असं तिनं आत्ताच सांगितलं होतं.

"'सुद्या, च्या घेतो का रं,' असं म्हणालात," ती म्हणाली. "मग म्हणालात, 'निजला जनू. ऊन येतंय बग कसं तोंडावर.' चिडून नाही, आई. एकदम हळू."

प्रयागबाईंनी मांडीवरचे हेडफोन पुन्हा हातात घेतले. स्वयंपाकघरात अंबाबाई गुणगुणत होत्या, शेंगांचा ढीग खाली होत होता.

"मंजी हाय त्यात," प्रयागबाई म्हणाल्या.

"होतं. मी कापलं."

"परत येतं का?"

"येतं."

"आन परत," प्रयागबाई म्हणाल्या, आणि शेजारची दुसरी खुर्ची त्यांनी पायानं हर्षालीकडे सरकवली. "आनि तू बी बस. मला एकलीला आयकवायचं न्हाई."

हर्षालीनं कापलेलं परत आणलं. दुसरे हेडफोन जोडले. मग त्या दोघी, वारलेल्या माणसाची आई आणि त्याची बायको, त्या एकावन्न मिनिटांच्या पहिल्या मिनिटापासून पुन्हा ऐकायला बसल्या.